पुरुषाच्या विराण्या

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या एका बैठकीत भावगीतांवर गप्पा रंगल्या असताना, आमचे एक उर्दूप्रेमी स्नेही मध्येच म्हणाले, "तुमच्या मराठी गाण्यातला पुरुष प्रेमभंग झाला तरी रडत नाही. चंद्राकडे, फुलांकडे बोट दाखवतो आणि निघून जातो. आमच्या गझलेतला आशिक पाहा, भर मैफलीत गळपट्टा फाडून घेतो." बैठकीत हशा पिकला. मीही हसलो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. भोपाळसारख्या शहरात पन्नास-साठ वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या कानावर गझल न मागताच पडत असते. कैफ भोपाली यांच्या या गावात पुरुषाने आपले दुःख चारचौघांत मांडणे हा कमीपणा नव्हे, तो एक अदब आहे. तेव्हा स्नेह्यांचा टोमणा खरा की खोटा, हे एकदा नीट तपासावे असे वाटले.

तपासण्याची वाट मात्र अगदी अनपेक्षित दिशेने उघडली. माझी नात पुण्यात जपानी भाषा शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिने काही जपानी गाणी ऐकवली. सगळी पुरुषांनी गायलेली आणि बहुतेक ताटातुटीची. अर्थ सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, इथे गाणारा पुरुष आहे, पण गाण्यातली 'मी' बाई आहे." जपानी क्रियापदाला लिंग नसते, पण 'मी' या अर्थाचे शब्द अनेक आहेत. 'बोकु' किंवा 'ओरे' म्हटले की पुरुष, 'आताशी' म्हटले की बाई. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या लहानशा अव्ययांवरूनही बोलणारे कोण ते कळते. म्हणजे गायक पुरुष असूनही पहिल्या कडव्यातच तो बाईचा पदर डोक्यावर घेऊ शकतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

तिथे या रीतीला मोठी परंपरा आहे. 'एन्का' नावाचा जो जुन्या वळणाचा गीतप्रकार आहे, त्यात बाईचे मनोगत पुरुषाने गाणे ही नित्याची गोष्ट. मोरी शिन्इची या गायकाचे १९६६ मधले पहिलेच गाणे 'ओन्ना नो तामेइकी', अर्थात 'स्त्रीचा सुस्कारा'. घसा बसल्यासारखा, फाटका वाटणारा त्यांचा आवाज. आणि त्या आवाजात टाकून दिलेल्या स्त्रीचे दुःख. त्याही मागे जायचे तर इ. स. ९३५च्या सुमारास कि नो त्सुरायुकी या कवीने 'तोसा निक्की' हे प्रवासवर्णन लिहिले, तेही एका स्त्रीच्या नावाआड राहून. पुरुषांनी अधिकृत लेखन चिनी वळणाने करावे आणि मनातले बोलायचे झाले तर बाईची लेखणी उसनी घ्यावी, असा तो मामला होता.

हे ऐकताना मला परके काहीच वाटले नाही. आपली विराणी तरी कोणाची? अंगणातल्या कावळ्याला शकुन विचारणारी, चंदनाची उटीही अंगाला पोळते म्हणणारी विरहिणी ज्ञानदेवांची आहे. ती तेराव्या शतकातल्या एका तरुण पुरुषाची रचना आहे. शाहिरांच्या लावण्यांतली, पतीची वाट पाहणारी नारही पुरुषांनीच लिहिली. आपल्याच माळव्याचे भा. रा. तांबे घ्या. मुंगावलीला जन्मले, देवास-इंदूरच्या परिसरात वाढले, पुढे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली तिथेच वारले. या पुरुषाला मृत्यूविषयी बोलायचे होते तेव्हा त्यांनी सासरी निघालेल्या, बावरलेल्या नववधूचे बोल घेतले. मराठीत हे जपानीइतके अलगद होत नाही. आपले क्रियापदच चुगली करते. 'बावरतो' की 'बावरते', हे कवीला ठरवावे लागते, गायकालाही.

रंगभूमीवर ही गोष्ट पराकोटीला गेली. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आला. पदे वि. सी. गुर्जरांची आणि सिंधू बालगंधर्वांची. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी ती सिंधू पाहिली असेल. त्या नाटकात संसार मोडतो तो दोघांचाही. पण सुधाकराचे दुःख मुख्यतः गद्यात आणि पेल्यात बुडते, तर हृदय पिळवटणारे गाणे सिंधूच्या वाट्याला येते. आणि ती सिंधू गातो एक पुरुष. भग्नहृदयी पुरुषाने प्यावे आणि भग्नहृदयी स्त्रीने गावे, अशी ही वाटणी. तिकडे जपानात १९३१ साली कोगा मासाओ यांनी संगीत दिलेले आणि फुजियामा इचिरो यांनी गायलेले गाणे गाजले, त्याच्या नावातच प्रश्न आहे: साके, म्हणजे तिकडची भाताची दारू, ही आसवे की सुस्कारा? आमचा सुधाकर हा प्रश्न विचारत नाही, तो सरळ पितो. जपानी गायक मात्र तो प्रश्न हळू आवाजात, मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन गातो.

हा मायक्रोफोन महत्त्वाचा आहे. १९२०-३० या दशकात विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सक्ती संपली. पुरुषाला कुजबुजता येऊ लागले. आपल्याकडे तिसाच्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली, तिथून भावगीत घराघरांत पोचले असे मानतात. गंमत पाहा: तिथेही गाणारा पुरुष आणि बोलणारी रानातली मुलगी. म्हणजे भावगीताचा आरंभही उसन्या आवाजातच झाला.

इथवर स्नेह्यांचा टोमणा खराच ठरतो. पण त्यांना एक विचारायचे राहून गेले. उर्दूत रंगीन, इंशा यांची 'रेख्ती' आहे, तिच्यात पुरुष कवी बाईच्या बोलीत बोलतात. ती थट्टामस्करीची मानली गेली, हा भाग वेगळा. आणि गझलेत प्रेम करणारा पुल्लिंगी तसा प्रेमपात्रही व्याकरणाने पुल्लिंगीच. १८१९ ते १९२६ या काळात बहुतांश बेगमांनीच राज्य केलेल्या या शहराच्या लाडक्या काव्यप्रकारात स्त्रीला क्रियापदसुद्धा मिळू नये! तेव्हा बुरखा तिथेही आहेच. फक्त तो दुसऱ्याच्या तोंडावर आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. मराठी पुरुषाने बाईचा आवाज खाली ठेवला आणि तो स्वतः 'मी' म्हणून गाऊ लागला, तेव्हा त्याने काय केले? इथे तीन गाणी मला महत्त्वाची वाटतात. तिन्ही आपण शेकडो वेळा ऐकली आहेत, आणि म्हणूनच नीट ऐकलेली नाहीत.

पहिले 'तोच चंद्रमा नभात'. शब्द शान्ता शेळके यांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. या गीतामागे एक संस्कृत श्लोक आहे हे जाणकारांना ठाऊक आहे. तो शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर आहे, आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच तो उदाहरण म्हणून घेतला आहे. श्लोकातली स्त्री म्हणते ते असे: ज्याने माझे कौमार्य हरले तोच आज माझा पती आहे, चैत्राच्या रात्री त्याच, मालतीचा गंध तोच, मीही तीच, तरी मन मात्र रेवेच्या काठच्या त्या वेताच्या झाडाखालीच ओढ घेते. रेवा म्हणजे आपली नर्मदा. भोपाळहून दोन तासांत तिच्या घाटावर पोचता येते.

शान्ताबाईंनी यात काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. त्या स्वतः स्त्री, मूळ श्लोक स्त्रीचा; पण गीत त्यांनी पुरुषाच्या तोंडी दिले. आतापर्यंत पुरुष बाईचे बोल उसने घेत होते, इथे एका बाईने बाईचे बोल पुरुषाला देऊन टाकले. दुसरे असे की नदी गेली. रेवेचा काठ जाऊन जाईचा कुंज आला. आणि तिसरा बदल सर्वांत मोठा. मूळच्या स्त्रीची ओढ अजून जिवंत आहे. तिचे मन धाव घेते, फक्त घराबाहेर घेते. मराठी पुरुषाची ओढच मेली आहे. चांदणे आहे, ती जवळ आहे, तो आहे, आणि प्रीती नाही. कोणी कोणाला सोडून गेलेले नाही. कोणाचा दोष नाही. असा प्रेमभंग गझलेत मला क्वचितच भेटला. तिथे रकीब तरी असतो, निदान जमाना तरी. इथे तक्रार करायला समोर कोणी उरलेलेच नाही, तेव्हा रडणार कोणापुढे? फडक्यांनी हे गाणे ज्या संयमाने म्हटले आहे, त्याला काहीजण सपाटपणा समजतात. मला तो या आशयाचा एकमेव प्रामाणिक उच्चार वाटतो. सूर गळ्यातून ओघळू दिला असता तर ओढ उरली आहे असे वाटले असते, आणि गीताचा घात झाला असता.

दुसरे गाणे आपल्या मातीतल्या गायकाचे. अरुण दाते १९३४ साली इंदूरला जन्मले. रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचे चिरंजीव. आरंभी ते उर्दू गझला गात. पुढे श्रीनिवास खळे यांच्या 'शुक्रतारा'ने ते महाराष्ट्राचे झाले, हे सर्वश्रुत आहे. पण आजचा विषय 'शुक्रतारा' नव्हे, ते तर मीलनाचे गाणे. आजचा विषय 'भातुकलीच्या खेळामधली'. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल.

इथे पुरुष 'मी' म्हणतच नाही. तो राजा-राणीची गोष्ट सांगतो, तीही मुलांच्या खेळातल्या राजा-राणीची, आणि ती अर्धीच राहिली असे पहिल्या दमात सांगून टाकतो. गोष्टीत राणी दूरच्या गावी निघाली आहे; कारण सांगितलेले नाही, पण मराठी ऐकणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. मुलीचे लग्न ठरले की ती दुसऱ्या गावची होते. राजा प्रश्न विचारतो, राणीजवळ उत्तर नाही. आणि आता हे पाहावे: पाणी येते ते राणीच्या डोळ्यांत. राजाचा फक्त श्वास अडतो. पाडगावकरांनी, कदाचित नकळत, आसवांची जुनी वाटणी कायम ठेवली आहे. रडणे तिचे, कोंडणे त्याचे. स्नेह्यांचे म्हणणे इथे अक्षरशः खरे आहे, आणि तरीही गाणे ऐकताना गळा ज्याचा दाटून येतो तो ऐकणारा पुरुष असतो. देवांच्या चालीत गोष्ट सांगण्याची साधी लय आहे, ती शेवटपर्यंत मोडत नाही. दात्यांच्या आवाजात गझलेने दिलेली एक किंचित ओल आहे, पण ते तिला वर येऊ देत नाहीत. गझल गाऊन आलेल्या माणसाने गझल आवरून धरली, यातच त्या गाण्याचे बळ आहे असे मला वाटते.

नातीने ऐकवलेल्या नव्या गाण्यांत याचे एक जुळे भाऊ सापडावे, हा योगायोग. यूरी नावाच्या तरुण गायकाचे २०१९ सालचे 'काकुरेन्बो', म्हणजे 'लपाछपी'. सोडून गेलेल्या मुलीला तो जणू ती लपून बसली आहे अशा थाटात हाका मारतो. तिकडे लपाछपी, इकडे भातुकली. पुरुषाला मोडलेल्या प्रेमाविषयी बोलायचे झाले की तो लहानपणीच्या खेळात जाऊन बसतो, कारण खेळात हरले तर रडण्याची मुभा होती. त्याच गायकाने पुढल्या वर्षी 'ड्राय फ्लॉवर', म्हणजे वाळलेले फूल, हे त्याचे उत्तरगीत काढले; त्यात बोलणारी ती मुलगी आहे आणि गाणारा पुन्हा हाच. गाजले ते हे दुसरे. विराणीचा पदर एकविसाव्या शतकातही खाली पडलेला नाही.

आणखी एक जपानी गाणे इथे सांगायला हवे, कारण ते स्नेह्यांना थेट उत्तर आहे. साकामोतो क्यू यांनी १९६१ साली गायलेले हे गाणे १९६३ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेले. तिथल्या लोकांनी त्याला 'सुकियाकी' असे एका मांसाच्या पदार्थाचे नाव दिले, त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. गाण्यातला माणूस रात्री एकटा चालतो आहे आणि मान वर करून चालतो आहे. का, तर आसवे गालावर ओघळू नयेत. एइ रोकुसुके यांनी हे शब्द १९६०च्या अमेरिका-जपान कराराविरुद्धच्या आंदोलनातल्या निराशेतून लिहिले, असे सांगतात. पण ऐकणाऱ्या जगाने त्यात आपापला प्रेमभंग ऐकला. न रडण्याचा खटाटोप हाच तिथे गाण्याचा विषय आहे, आणि चाल चक्क शिट्टी वाजवीत जाणारी आहे.

तिसरे गाणे कवी अनिलांचे 'अजुनी रुसून आहे', कुमार गंधर्वांनी गायलेले. ते कुसुमावतींच्या निधनाशी जोडणारी आख्यायिका सर्वतोमुखी आहे. मी ती बाजूला ठेवतो, कवितेला तिची गरज नाही. इथे पुरुष सरळ 'मी' म्हणून बोलतो, समोर ती आहे, आणि ती बोलत नाही. पूर्वी रुसणे हाही एक खेळच होता: तिने रुसावे, त्याने समजूत काढावी, तिने रडता रडता हसावे. त्या खेळातल्या सगळ्या खेळी तो आजही करून पाहतो, आणि एकही लागू पडत नाही. अश्रूंत विरघळणाऱ्या मिठाच्या बाहुलीची प्रतिमा येते. पण ते अश्रू कोणाचे, हे कविता स्पष्ट करत नाही. आसवांची ती जुनी वाटणी इथे प्रथमच पुसट होते. आणि पुरुषाला प्रथमच वाटते की आपल्याला हिचे काही कळलेच नव्हते.

हे महत्त्वाचे आहे, कारण मराठी भावगीतातल्या सभ्यपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्वदीत भोपाळच्या मिनीबसमधून 'बेवफा' कॅसेटचा जो रतीब चाले, त्यात प्रत्येक गाण्यात बाई दगाबाज आणि पुरुष निर्दोष. आपले भावगीत बाईवर आरोप करत नाही, याचा मला अभिमान आहे. पण आरोप टाळता टाळता ते पुरुषाचा स्वतःचा दोषही गिळून टाकते. दैव, वाट, वारा, तारा यांच्यावर सगळे ढकलून मोकळे. कॅसेटच्या काळात निघालेल्या भावगीतांच्या ढिगात हा दोष इतका वाढला की दुःख नुसते सुवासिक झाले. सूत्रसंचालकाने त्यावर गुलाबपाणी शिंपडले की कार्यक्रम साजरा. अनिलांची कविता तशी सुटका करून घेत नाही. आणि कुमारांनी ती ज्या तुटक, थांबत जाणाऱ्या ढंगाने म्हटली, त्यात प्रत्येक थांब्यावर माणूस उत्तराची वाट पाहतो आहे असे वाटते. उत्तर येत नाही, तो पुढची ओळ घेतो. देवासच्या टेकडीखाली राहून फुप्फुसाच्या दुखण्यातून उठलेल्या गळ्याला श्वासाची किंमत वेगळीच ठाऊक असणार.

माझे वडील १९५६ साली राजधानी इकडे आल्यावर नागपूरहून बदलून आले. तात्यासाहेब नगरात, म्हणजे आपल्या टी. टी. नगरात, क्वार्टर मिळाले. माझ्या थट्टेखोर थोरल्या भावाने तात्या टोप्यांना दिलेले हे नाव. वडील मात्र 'तात्या टोपे नगर' असे पूर्ण म्हणत. आई गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. वडिलांना रडताना कोणी पाहिले नाही. चुलत्यांनी तर त्याचे कौतुकही केले. पण रेडिओवर कुमारांचे हे गाणे लागले की ते उठत, बादली घेत आणि अंगणातल्या नळाशी जात. नळाला त्या वेळी पाणी नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होते. गाणे संपेपर्यंत ते तिथे उभे राहत आणि रिकामी बादली घेऊन परत येत. त्यांच्या आणि आईच्या संसारात शेवटच्या वर्षांत बोलणे फार थोडे उरले होते. ते का, हे मी कधी विचारले नाही.

स्नेह्यांना मी हे सांगितले नाही. त्यांना फक्त एवढेच म्हणालो की गझल मैफलीत ऐकायची असते आणि भावगीत पाठ फिरवून. ते म्हणाले, "म्हणजे रडतो, पण दाखवत नाही." मी म्हणालो, गाण्यात तोही नाही रडत, गाणे त्याला जागेवरून उठवते इतकेच. त्यावर त्यांनी मान हलवली, आणि ती होकारार्थी होती की नाही, हे भोपाळी अदबीत कळणे कठीण असते.

गेल्या कोजागरीला आम्ही काही कुटुंबे मिळून नर्मदापुरमला, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादला, सेठानी घाटावर गेलो होतो. दूध आटवून झाले, मुलांच्या भेंड्या झाल्या आणि मग कोणीतरी नातीला गायला सांगितले. तिने 'तोच चंद्रमा' घेतले. पुरुषाचे शब्द, पुरुषाची क्रियापदे. तिने एकही बदलले नाही, आणि कोणाला ते खटकलेही नाही. ज्या श्लोकातून शान्ताबाईंनी नदी काढून टाकली होती, तो आता तिच्याच पायऱ्यांवर एका मुलीच्या आवाजात गायला जात होता. पलीकडच्या काठावर झाडे होती. वेत होता की नाही, अंधारात दिसले नाही.